सोबत कापड, एक

भिंगवाल्यांनी आयुष्याकडे एकच गोष्ट मनापासून मागितली होती. आपल्या आजोबांचा बिगूल टपाल तिकिटावर यावा. लोक बढती मागतात, ठणठणीत तब्येत मागतात, शेजारी जरा कमी बोलणारे मिळावेत म्हणून मागतात. भिंगवाल्यांना यातलं काहीच मिळालं नव्हतं आणि त्याबद्दल त्यांची तक्रारही नव्हती. त्यांची तक्रार होती ती टपाल खात्याबद्दल. या खात्याने आजवर पक्षी छापले, धरणं छापली, दीपगृहं छापली, एका वर्षी तर बटाट्याची सुधारित जात छापली. आणि देश स्वतंत्र झाला त्या सकाळी ज्याच्या आवाजाने अख्खं गाव जागं झालं, तो बिगूल मात्र भिंगवाल्यांच्या कपाटात, हिवाळी कपड्यांच्या मागे, तोंड खाली करून पडून होता.

भिंगवाले हे त्यांचं आडनाव नव्हे. नळखात्याच्या रेकॉर्ड विभागात त्यांनी बत्तीस वर्षं काढली आणि उरलेला सगळा वेळ तिकिटं गोळा करण्यात घालवला. डोक्याला टक्कल आणि सदऱ्याच्या खिशात कायम एक भिंग. भाजी घेतानाही ते भिंग बाहेर निघायचं, त्यामुळे गल्लीने त्यांचं बारसं परस्पर उरकून टाकलं होतं. त्यांनी आधी निषेध केला, मग दुर्लक्ष केलं आणि शेवटी दारावरच्या पाटीखाली कुणीतरी खडूने भिंग काढलं तेव्हा ते पुसायचंही सोडून दिलं.

तर एका सकाळी पेपरात टपाल खात्याचं निवेदन आलं. ‘लोककला आणि स्मरणवस्तूंमधले देशप्रेम’ या विषयावर पाच स्मारक तिकिटांचा संच निघणार होता आणि त्यासाठी नागरिकांनी आपल्या घरातल्या वस्तू पाठवायच्या होत्या. निवडलेल्या वस्तूच्या मालकाचं नाव माहितीपत्रकात छापणार होते, पुढे ‘यांच्या सौजन्याने’ असं लिहून. भिंगवाल्यांनी ते दोन शब्द भिंगाखाली तीनदा वाचले. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नावापुढे ‘यांच्या हलगर्जीपणामुळे’ एकदा आणि ‘यांच्याकडून खुलासा मागवावा’ दोनदा लिहिलं गेलं होतं. सौजन्य कुणी लिहिलं नव्हतं.

बिगूल पाठवायचा ठरल्याची बातमी जिन्यात पोचायला जेमतेम अर्धा तास लागला. वरच्या मजल्यावरचे विमावाले, म्हणजे विम्याच्या कंपनीतून निवृत्त झालेले आणि तेव्हापासून सल्ल्याच्या धंद्यात उतरलेले गृहस्थ, चहाचा कप हातात घेऊनच खाली आले. बिगूल घासून लख्ख केला पाहिजे, काळा पडलेला बिगूल कोण छापणार, असं त्यांचं मत पडलं. भिंगवाल्यांनी चिंच लावून घासायला घेतला. अर्धा घासून झाल्यावर खालच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई वही मागायला आल्या आणि म्हणाल्या की जुन्या वस्तूवरचा काळेपणा हीच तिची शोभा, तो गेला की इतिहास गेला. भिंगवाल्यांचा हात तिथेच थांबला. त्यामुळे तो बिगूल एका बाजूने कालच दुकानातून आणल्यासारखा आणि दुसऱ्या बाजूने इतिहासासकट, असा झाला. विमावाल्यांनी वर जाता जाता सुचवलं की खात्याला कुठली बाजू आवडते ते खात्यालाच ठरवू द्या.

आता बांधाबांध. खोकं मिळालं ते बिगुलाच्या दुप्पट. आत ठेवून हलवलं की बिगूल खडखडायचा, आणि इतक्या वर्षांनी निघालेली स्मरणवस्तू पोचेपर्यंत पोचे पडून जाणार हे उघड होतं. काहीतरी मऊ हवं होतं. बायको आपल्या आईला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती. भिंगवाल्यांनी घरभर नजर फिरवली. टॉवेल दिसायला वाईट, चादर मोठी. सासूबाईंच्या खोलीत, खिडकीशी, त्यांचं शिलाई मशीन होतं आणि त्यावर एक जुनं मांजरपाटाचं आवरण. त्यावर काहीतरी रंगीबेरंगी भरलेलं होतं. गेली तीस वर्षं ते तिथेच होतं. बरोबर मापाचं होतं. त्यांनी ते उचललं, बिगूल त्यात गुंडाळला आणि खोकं बंद केलं. मशीनला काय, आठवडाभरात दुसरं आवरण शिवता येईल, त्यासाठीच तर मशीन असतं, असा विचार त्यांनी केला आणि तो त्यांना त्या वेळी बिनतोड वाटला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. दुसरा कुणी असता तर त्याने अर्जावर ‘बिगूल’ लिहून सही ठोकली असती. पण भिंगवाले रेकॉर्डवाले. नोंद नसलेला कागद आत येऊ द्यायचा नाही आणि नोंद नसलेली वस्तू बाहेर जाऊ द्यायची नाही, हे त्यांच्या हाडीमांसी खिळलं होतं. म्हणून त्यांनी अर्जावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘पितळी बिगूल, आजोबांचा, एक. सोबत कापड, एक.’ आणि खाली मालक म्हणून स्वतःची सही केली. दोन्ही वस्तूंसमोर.

संध्याकाळी सासूबाई घरी आल्या आणि मशीनकडे बघून उभ्याच राहिल्या. सासूबाई शहाऐंशी वर्षांच्या. कमी बोलायच्या, आणि जावयाशी तर मोजकंच. त्यांनी पलंगाखाली पाहिलं, कपाटात पाहिलं, मग लेकीला विचारलं. लेकीने नवऱ्याला विचारलं. नवऱ्याने ‘कुठलं आवरण?’ असं विचारलं. आणि एकदा ‘कुठलं’ म्हटल्यावर माणसाला परत ‘हां, ते होय’ म्हणता येत नाही. भिंगवाले शोधाशोधीत सामील झाले. स्वतःच्या पलंगाखाली ते दोनदा वाकले. त्यांची कंबर धरली, पण खोटेपणाला तेवढी किंमत मोजावीच लागते असं समजून त्यांनी ती मुकाट्याने शेकली.

आवरण सापडेना तसा संशय शिकवणीच्या बाईंवर गेला, कारण वही मागायला आल्या होत्या आणि पूर्वी कधीतरी त्यांनी आवरणाचं कौतुक केलं होतं. सासूबाई भांडल्या नाहीत. त्यांनी फक्त बोलणं बंद केलं. जिन्यात शिकवणीच्या बाई समोर आल्या की सासूबाई भिंतीवरच्या मीटरकडे बघत राहायच्या. असे तीन महिने गेले. भिंगवाले त्या दोघींच्या मधून खाली मान घालून जायचे आणि रोज ठरवायचे की बिगूल निवडून येऊ दे, मग त्या आनंदाच्या भरात सांगून टाकू.

चौथ्या महिन्यात दोन गोष्टी एकाच टपालाने आल्या. एक खोकं आणि एक पाकीट. भिंगवाले अंघोळीला गेले होते, म्हणून पाकीट बायकोने फोडलं आणि चहाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. ‘वस्तू क्रमांक ३१२ अ, बिगूल, अस्वीकृत, परत पाठवीत आहोत. वस्तू क्रमांक ३१२ ब, चित्र भरलेले कापड, निवड झाली आहे, खात्याकडे ठेवून घेत आहोत. आपल्या घराण्याने जतन केलेल्या या लोककलेबद्दल अभिनंदन.’ भिंगवाले टॉवेल गुंडाळून बाहेर आले तेव्हा दोन बायका त्यांच्याकडे बघत होत्या. खोक्यात बिगूल वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता आणि त्याच्या गळ्यात चिठ्ठी होती: ‘तत्सम वस्तू, एकूण चौदा.’

चौदा बिगूल आले होते. पुढे कळलं त्याप्रमाणे त्यातले तीन भिंगवाल्यांच्याच गावचे होते आणि तिन्ही त्याच सकाळी अख्ख्या गावाला जागं करत होते. म्हणजे गाव जागं व्हायलाच तयार नव्हतं किंवा मग झोपलंच नव्हतं. पण हा विचार करायला भिंगवाल्यांना तेव्हा सवड नव्हती.

सासूबाईंनी पत्र पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग त्या शांतपणे म्हणाल्या, “जावईबापू, आधी खाली जा. शिकवणीच्या बाईंची माझ्या वतीने माफी मागून या. मग कपडे केलेत तरी चालेल.”

त्यांनी कपडे आधी केले, पण माफी मागितली. शिकवणीच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा पहिल्यापासून सांगायला लावलं आणि मग समोर बसलेल्या सात विद्यार्थ्यांना सांगितलं की चूक कबूल करायला वयाची अट नसते. सातही जण भिंगवाल्यांकडे अत्यंत आदराने बघत होते. असा आदर त्यांना नको होता.

पुढचे काही दिवस भिंगवाले फुरंगटून बसले. चाळीस वर्षं तिकिटांची सेवा केली ती यांनी, दहा अल्बम भरले ते यांनी, आणि तिकिटावर जाणार काय, तर मशीनचं आवरण. विमावाल्यांनी समजूत घातली की मालक म्हणून सही तुमची आहे, तेव्हा सौजन्य तुमचंच. ही गोष्ट भिंगवाल्यांच्या लक्षातच आली नव्हती. ती लक्षात आल्यावर त्यांना जरा बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली. पण बरं जास्त वाटलं.

मग दुसरं पत्र आलं. सोबत कापडाचा मोठा रंगीत फोटो होता आणि एक संमतिपत्र. चित्राच्या उजव्या कोपऱ्यात एक स्त्री राष्ट्रध्वजाकडे पाठ करून विरुद्ध दिशेला जाताना दिसते, ही बाब देशप्रेमाच्या विषयाशी विसंगत असल्याने सदर स्त्री वगळून चित्र छापण्यास मालकाने संमती द्यावी, असं त्यात म्हटलं होतं. पंधरा दिवसांत.

भिंगवाल्यांनी भिंग काढलं आणि ते चित्र आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. तीस वर्षं ते कापड त्यांच्या घरात, त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. बाहेरच्या देशांच्या तिकिटांवरच्या राण्यांच्या गळ्यातले मणी त्यांनी मोजले होते, पण हे नव्हतं पाहिलं. मोठं मैदान होतं. मधोमध उंच खांब आणि वर झेंडा. खाली माणसंच माणसं, सुईच्या टाक्यांनी भरलेली, कुणी हात वर केलेला, कुणी पोर खांद्यावर घेतलेलं, एक म्हातारा कानावर हात ठेवून उभा, बहुधा कुणाच्या तरी बिगुलामुळे. सगळ्यांची तोंडं झेंड्याकडे. आणि अगदी कोपऱ्यात, गर्दीतून बाहेर पडत, एक वेणीवाली मुलगी उलट्या दिशेने पळत होती. तिची वेणी मागे उडाली होती. तिच्या एका पायातली चप्पल मैदानातच राहिली होती.

विमावाल्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. सही करून टाका. तिकिटावर ती तांदळाच्या दाण्याएवढी दिसणार, इतकं बारीक कोण बघतं, लोक चिकटवतात आणि पेटीत टाकतात. हे त्यांनी भिंगवाल्यांना, भिंग हातात असताना, तोंडावर सांगितलं. बायको म्हणाली, सही करायच्या आधी आईला विचारा. भिंगवाल्यांनी पेनाचं टोपण काढलं होतं, हे इथे लपवण्यात अर्थ नाही. काढलं होतं आणि ‘सौजन्य’ या शब्दावर नजर लावून ते मिनिटभर बसले होते. मग टोपण लावून ते सासूबाईंच्या खोलीत गेले.

सासूबाई उघड्या मशीनशी बसल्या होत्या. कोपऱ्यातली ती कोण, असं भिंगवाल्यांनी विचारलं.

“मी,” सासूबाई म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं, आणि तीस वर्षांत जावयाशी त्या इतकं सलग कधी बोलल्या नव्हत्या. देश स्वतंत्र झाला तेव्हा त्या सोळा वर्षांच्या. मैदानावर लावायचा झेंडा शिवायचं काम त्यांच्या वडिलांच्या शिंपीकामाच्या दुकानात आलं होतं. वडील आजारी, म्हणून झेंडा या पोरीनेच शिवला. सकाळी सगळं गाव जमलं. झेंडा दोरीला लावताना खेचाखेच झाली आणि त्याची कडेची शिवण हातभर उसवली. वर चढवला असता तर वाऱ्याने दोन तुकडे झाले असते. सुई तिच्या कॉलरला टोचलेली होती, दोरा नव्हता. ती दोरा आणायला घराकडे पळाली. रीळ घेऊन परत आली तोवर पुढारी मंडळींना धीर धरवला नव्हता, त्यांनी कुठून तरी दुसरा झेंडा आणून चढवला होता, गाणं म्हणून झालं होतं आणि लोक पांगायला लागले होते.

“म्हणजे तुम्ही झेंडा वर जाताना पाहिलाच नाही,” भिंगवाले म्हणाले.

“नाही पाहिला. लोकांनी सांगितलं तसं भरलं. खांब किती उंच, कोण कुठे उभं होतं, सगळं ऐकीव. त्या कापडात माझ्या डोळ्यांनी पाहिलेली अशी ती एकच. आता ते म्हणतात, तिलाच काढा.”

त्या रागावलेल्या नव्हत्या. संमतिपत्र भिंगवाल्यांच्या हातात होतं. सही तुमची आहे, तुम्हाला वाटेल ते करा, एवढंच त्या म्हणाल्या आणि मशीनच्या चाकात तेल सोडायला लागल्या. भिंगवाल्यांना त्या क्षणी स्वतःची सही पहिल्यांदाच नकोशी झाली.

दुसऱ्या दिवशी ते टपाल खात्याच्या तिकीट शाखेत गेले. बरोबर सासूबाई होत्या, कारण त्या म्हणाल्या मीही येते, आणि त्यांना नको म्हणण्याची त्या घरात पद्धत नव्हती. शाखा तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टवर ‘फक्त सामानासाठी’ अशी पाटी. शिपायाने सासूबाईंकडे पाहून थोडा विचार केला आणि त्यांना सामानात धरलं. भिंगवाले जिन्याने गेले.

उपसंचालक हे अतिशय सभ्य गृहस्थ होते. पोटाच्या तक्रारीमुळे सारखं गरम पाणी पीत होते, आणि प्रत्येक घोटानंतर ‘तुमची भावना मी समजतो’ असं म्हणत होते. भावना समजून त्यांनी तीन तोडगे काढले. पहिला, बाई पुसायची. दुसरा, बाई वळवायची. यासाठी आरेखकाला बोलावलं, त्याने संगणकावर सासूबाईंना उलटं फिरवून दाखवलं. आता त्या झेंड्याकडे पळत होत्या, पण वेणी पुढे उडत होती आणि दोन्ही पाय डावे होते. सासूबाईंनी चष्मा सारखा करून पडद्याकडे पाहिलं आणि ही पडेल, एवढंच सांगितलं. तिसरा तोडगा, तिकिटाची किंमत नेहमीप्रमाणे कोपऱ्यात छापायचीच आहे, ती नेमकी बाईंवर छापायची. म्हणजे बाई पुसल्याही नाहीत आणि दिसणारही नाहीत. हा तोडगा आपल्याला रात्रभर विचार करून सुचला, असं उपसंचालकांनी सांगितलं.

भिंगवाल्यांनी नियम मागितला.

कुठला, असं उपसंचालकांनी विचारलं. झेंड्याकडे पाठ असलेलं माणूस तिकिटावर छापू नये, असा जो नियम आहे तो. क्रमांक, तारीख आणि प्रत. उपसंचालक म्हणाले, नियम आहेच, पहिल्यापासून आहे. पण ज्या माणसाने बत्तीस वर्षं रेकॉर्ड सांभाळलं त्याला ‘पहिल्यापासून’ म्हणजे कुठल्या कपाटात, हे बरोबर ठाऊक असतं. कचेरीत जे पहिल्यापासून असतं ते बहुधा कुणीतरी एकदा समासात लिहिलेलं असतं. भिंगवाले खुर्चीवरून हलले नाहीत. दीड तासाने फाईल आली. नाडी सोडली, पिवळे कागद उलटले आणि सापडलं. पस्तीस वर्षांपूर्वी एका सेनापतीच्या पुतळ्याचं तिकीट निघालं होतं. पुतळ्याच्या घोड्याची मागची बाजू इमारतीवरच्या ध्वजाकडे आली होती. त्यावर तेव्हाच्या अधिकाऱ्याने समासात शेरा मारला होता: ‘ध्वजाकडे पाठ नसावी.’ नियम तो एवढाच.

“हा घोड्याबद्दल आहे,” भिंगवाले म्हणाले.

उपसंचालकांनी गरम पाणी घेतलं. मग सासूबाई स्वच्छ आवाजात म्हणाल्या, “माझं आणि घोड्याचं काम वेगळं आहे.”

एवढं झाल्यावर प्रकरण मिटायला हरकत नव्हती. पण नियम नाही असं सिद्ध झालं तर ज्यांनी पस्तीस वर्षं तो पाळला त्यांनी करायचं काय. उपसंचालकांनी आवाज खाली आणला. निवड समितीपुढे आपलं काही चालणार नाही, असं ते म्हणाले, आणि मग त्यांनी टेबलाच्या खणातून दुसरा कागद काढला. तुम्ही हे कापड मागे घ्या, वाद नको. पाचवी जागा रिकामी राहील. चौदा बिगुलांपैकी तुमचा बरा होता, निदान एका बाजूने. तोच घेऊ. सौजन्य तुमचंच, माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर.

भिंगवाल्यांसमोर दोन कागद होते. एकावर सही केली की कापडाचं तिकीट, बाईशिवाय. दुसऱ्यावर केली की बिगुलाचं तिकीट, कापडाशिवाय. दोन्हीकडे त्यांचं नाव. चाळीस वर्षांत टपाल खात्याने त्यांच्याकडे आपणहून काहीच मागितलं नव्हतं आणि आज दोन सह्या मागत होतं. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या फाईलच्या सुटलेल्या नाडीला गाठ मारत होत्या.

त्यांनी पेन काढलं आणि पहिल्या कागदावर आडवं लिहिलं, ‘संमती नाही.’ मग दुसऱ्या कागदावरही तेच लिहिलं.

“या चित्रात झेंड्याचं काम करणारी ही एकच बाई आहे,” ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका मोठा होता की दारात शिपाई येऊन उभा राहिला होता. “बाकी सगळे बघे आहेत. काढायचेच असतील तर आधी बघे काढा. आणि ही गेली तर बिगूलही नाही. तो बघ्यांसाठी वाजवायला मी देणार नाही.”

कापड परत मिळायला पोचपावत्या तीन लागल्या, कारण मालक तेच आणि तक्रारदारही तेच, आणि एकाच माणसाने दोन्हीकडे सही करायला शाखेच्या नमुन्यात जागा नव्हती. संध्याकाळी दोघं घरी आले. बसमधून उतरताना सासूबाईंनी जावयाचा दंड धरला, जो त्या एरवी धरत नसत.

घरी आल्यावर भिंगवाल्यांना व्हायचा तो पश्चात्ताप झालाच. विमावाल्यांनी वरून येऊन हिशेब मांडला की दोन दारं उघडी होती आणि तुम्ही दोन्ही लावून आलात. त्यांनी ते कबूल केलं. रात्रीचं जेवण गेलं नाही. अल्बम उघडून ते बसले आणि बटाट्याच्या सुधारित जातीकडे बराच वेळ बघत राहिले. दुखायचं ते दुखत होतं. पण दुसऱ्या दिवशी शिकवणीच्या बाईंनी जिन्यात विचारलं की पुन्हा असा प्रसंग आला तर काय कराल, तेव्हा ते फटकन म्हणाले की तेच करीन, फक्त अक्षर मोठं काढीन.

आवरण आठ दिवस मशीनवर आलं नाही. सासूबाई खिडकीशी ते मांडीवर घेऊन बसायच्या, सुईत दोरा ओवायला तेवढी लेकीला हाक मारायच्या आणि जावई आत आला की कापड उलटं करायच्या. नवव्या दिवशी ते जागेवर आलं. भिंगवाले जाता जाता थबकले. कोपऱ्यात वेणीवाली मुलगी पळत होती, आणि तिच्या मागोमाग, गर्दीतून बाहेर पडत, झेंड्याकडे पाठ करून, एक टक्कल पडलेला माणूस पळत होता. कंबर धरून पळत होता. त्याच्या हातात मुलीची मैदानात राहिलेली चप्पल होती.

“सत्तर वर्षं एकटीच पळतेय ती,” सासूबाई म्हणाल्या. “म्हटलं, असावं कुणी.”

भिंगवाल्यांनी भिंग काढलं नाही. त्यांना तसंच नीट दिसत होतं, आणि थोड्या वेळाने दिसेनासं झालं, तेव्हा ते बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

महिन्याभराने तिकीट शाखेचं पाकीट आलं. त्या सभ्य उपसंचालकांनी घोड्याची फाईल वरपर्यंत पाठवली होती. वरून निर्णय आला होता की मूळ शेरा प्राण्यापुरता समजावा आणि सदर कापड, बाईसकट, छापावं. छपाईसाठी कापड तातडीने सादर करावं. सोबत एक नवा नमुना होता, कारण निर्णय झाला की नमुना निघतोच. त्यात रकाने होते. मालकाचे नाव. सौजन्य. चित्रातील एकूण व्यक्ती. पैकी ध्वजाकडे तोंड असलेल्या. पैकी ध्वजाकडे पाठ असलेल्या. या शेवटच्या रकान्यात शाखेने आधीच टंकलिखित करून ठेवलं होतं: ‘१ (एक)’. आणि खाली ठळक अक्षरात, मंजूर फोटोपेक्षा वस्तूत कोणताही फरक आढळल्यास निवड रद्द समजावी.

बायकोने पत्र टेबलावर ठेवलं. आई, तो टकल्या उसवायला किती वेळ लागेल, असं तिने विचारलं. सासूबाईंनी अंदाज घेतला आणि अर्धा तास सांगितला. तिकीट निघालं की परत भरू, त्यात काय, असं म्हणून त्या चष्मा शोधायला लागल्या. विमावाले दारातच होते. आयुष्यात पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालंय, असं त्यांनी निदर्शनाला आणून दिलं.

“एक टाका उसवायचा नाही,” भिंगवाले म्हणाले.

त्यांनी नमुना पुढे ओढला. मालकाच्या रकान्यात सासूबाईंचं नाव लिहिलं, सौजन्याच्या रकान्यातही तेच लिहिलं आणि दोन्हींसमोर त्यांची सही घेतली. एकूण व्यक्ती मोजून लिहिल्या. बत्तीस वर्षांत त्यांनी एकाही सरकारी कागदावर खाडाखोड केली नव्हती आणि दुसऱ्या कुणाची खपवून घेतली नव्हती. त्यांनी पट्टी घेतली, छापलेल्या ‘एक’वर सरळ रेघ मारली, वर ‘२’ लिहिलं, कंसात ‘दोन’ लिहिलं, शेजारी तारीख घालून सही केली, आणि कागद वाळायची वाट न बघता चप्पल घालून टपाल कचेरीकडे निघाले.